भावाच्या घरचं पाणी

एका गावात एक गूळव्यापारी राहत होता. त्याचं नाव अंतोबा. दिवसभर गूळ विकायचा, पण खडाभर कधी जिभेवर ठेवायचा नाही, कारण गूळ त्याने सोडला होता. तशा त्याने सोडलेल्या गोष्टी पुष्कळ. चातुर्मास लागला की गावातले लोक आपापल्या ऐपतीचा नेम धरत. कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी एक वेळ जेवायचं, आणि कार्तिकात चातुर्मास संपला की सगळे पुन्हा भजी तळायला मोकळे. अंतोबाचं तसं नव्हतं. त्याने सोडलं म्हणजे जन्माचं सोडलं. दर वर्षी मारुतीच्या देवळात, चार माणसांच्या देखत, तळहातावर पाणी घेऊन तो खणखणीत आवाजात सांगायचा, की यंदापासून अमुक वर्ज्य. लोक माना डोलवायचे. अंतोबा घरी परतायचा तो छाती पुढे काढून.

पहिल्या वर्षी वांगी गेली. पुढे गूळ गेला, दूध गेलं, गादी गेली, पायताण गेलं. एका वर्षी काही सुचेना म्हणून त्याने छत्री सोडली. त्या पावसाळ्यात त्याची ओली धोतरं चुलीच्या धगीवर वाळवता वाळवता सुनेच्या नाकी नऊ आले, पण ते बघायला देवळातली चार माणसं तिच्या स्वयंपाकघरात थोडीच येणार होती! बाहेर सगळी वाहवा. आया मुलांना सांगायच्या, व्हायचं तर अंतोबाशेटसारखं व्हा. अंतोबालाही तेच वाटायचं. दर वर्षी आपण एक पायरी वर चढतो, असा त्याचा पक्का समज होता. अशा पायऱ्या चढत आपण मेल्यावर थेट वैकुंठाच्या दारात उतरणार, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

या नेमांमध्ये एक नेम जरा निराळा होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. अंतोबाला सोमा नावाचा धाकटा भाऊ होता. अंतोबाने वांगी सोडली त्याच दिवशी सोमाच्या घरी पंगत होती. अंतोबा जेवता जेवता आपल्या त्यागाचं वर्णन करत होता. तेवढ्यात सोमा खो खो हसला आणि म्हणाला, "दादा, वांगं तुला कधी आवडत होतं रे?" सगळी पंगत हसली. झालं! अंतोबा भरल्या ताटावरून उठला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याने देवळात जाहीर केलं, की धाकट्या भावाच्या घरचं पाणी मला वर्ज्य.

खरं तर कुणीतरी म्हणायला हवं होतं, की अहो शेट, याला नेम नाही म्हणत, याला रुसवा म्हणतात. पण लोक म्हणाले, काय हा कडकपणा, सख्ख्या भावाचीसुद्धा पर्वा केली नाही! सोमाच्या मुलीच्या लग्नात अंतोबाने मांडवाबाहेर उभं राहून अक्षता टाकल्या. सोमाची बायको गेली तेव्हा तो भावाच्या अंगणापर्यंत गेला, दगडावर बसला, आणि उंबरठा न ओलांडता परत आला. त्या दिवशी तर गावाने त्याची जास्तच तारीफ केली. सोमाने आपलं दार लावून घेतलं.

मग एका एकादशीला अंतोबा दुकानात गादीवर, छे, गादी कुठली, घोंगडीवर बसला असताना त्याने एकाएकी मान टाकली. गावाला धक्काच बसला. सकाळी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा माणूस दुपारी तिरडीवर! बायकांनी तोंडाला पदर लावले. पण लगेच लोक एकमेकांची समजूत काढू लागले, की एकादशीचं मरण आलं, तेही निर्जळी उपासात. असं मरण पुण्यवानालाच येतं. न्यायला विमान आलं असेल, दुसरं काय!

विमान आलं नव्हतं. अंतोबाने डोळे उघडले तेव्हा तो नदीच्या घाटावर, गार दगडी पायरीवर बसला होता. समोर त्याची चिता विझत आली होती, आणि शेजारी एक दाढीवाला, काठी घेतलेला, खांद्यावर कांबळं टाकलेला माणूस उकिडवा बसला होता. हा यमाकडचा दूत. अंतोबाने त्याला आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि विमान कधी येणार ते विचारलं. दूत म्हणाला, की कसलं विमान? अंतोबाला वाटलं, या खालच्या माणसाला वरची खबर नसेल. म्हणून त्याने आपले सगळे नेम क्रमवार सांगितले. दूत कान कोरत ऐकत राहिला. शेवटी इतकंच म्हणाला, की दहाव्यापर्यंत इथेच बस, कावळा शिवला की निघू.

अंतोबाला भलताच अपमान वाटला. आयुष्यभर नेम पाळले ते पायरीवर बसायला? पण करतो काय? बसला. बसल्या बसल्या त्याला खालच्या पायरीवर आणखी एक जण दिसला. धुक्यासारखा विरलेला, नाकडोळेही धड दिसत नव्हते. तो सारखं एकच पुटपुटत होता, "बांध माझा आहे. बांध माझा आहे." अंतोबाने विचारलं, हा कोण? दुताने सांगितलं, की याला कावळा शिवला नाही. तेव्हापासून तो इथेच आहे. ज्या शेताच्या बांधासाठी तो अडून बसलाय, ते शेत कधीच नदीत वाहून गेलं, पण त्याला ते कोण सांगणार! ऐकून अंतोबा एक पायरी वर सरकून बसला. पण लगेच त्याने मनाला समजावलं, की आपलं तसं नाही. आपण तर सगळं सोडूनच आलो आहोत.

दहावा दिवस उजाडला. अख्खा गाव घाटावर लोटला. अंतोबाचा मुलगा दौलत मुंडण करून, ओल्या धोतराने बसला. गुरुजींनी मंत्र म्हटले. भाताचे पिंड पायरीवर मांडले आणि सगळे मागे सरून उभे राहिले. घाटावरच्या उंबरावर कावळेच कावळे होते. काव काव करून कान किटवत होते. पण एकही खाली येईना.

अशा वेळी काय करायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल, तर ती पुरी करू असं हात जोडून सांगायचं. दौलत पुढे झाला आणि त्याने वडिलांना वचन दिलं, की दुकान नीट चालवीन. कावळे जागचे हलले नाहीत. मग त्याने सांगितलं, की तुमच्या नावाने देवळात दगडी दीपमाळ उभारीन, त्यावर तुमचे सगळे नेम कोरून घेईन. हे ऐकून पायरीवर बसलेल्या अंतोबाला अंगभर गुदगुल्या झाल्या. त्याला वाटलं, हेच ते, आता येतोच कावळा! पण कसलं काय! वरचे दोन कावळे उडून आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसले.

लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. इतका नेमाचा माणूस, आणि कावळा शिवत नाही? कुणीतरी म्हणालं, की त्यांच्या आवडीचं काही ठेवा. म्हटलं तर साधी गोष्ट, पण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. अंतोबाला काय आवडायचं? गोड सोडलेलं, तिखट सोडलेलं, दूध सोडलेलं. पोटच्या पोराला बापाची एक आवड सांगता येईना. दौलत मान खाली घालून उभा राहिला.

तेव्हा त्याची बायको येसू बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. तिने पदर सावरला, पिंडाला नमस्कार केला आणि ती हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "मामंजी, तुमच्या नेमाची वेगळी चूल मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांभाळली. त्या चुलीपायी एकाही सणाला माहेरी गेले नाही. आता ती चूल मी मोडणार आहे. तुमचा जीव त्यात अडकला असेल, तर तो सोडवून घ्या."

सासऱ्याच्या दहाव्याला सुनेने असं बोलावं! म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण त्या सगळ्यांपेक्षा जास्त हादरला तो अंतोबा. त्याच्या डोक्यात आजवर एकदाही आलं नव्हतं, की आपण सोडलं की कुणाला तरी धरावं लागतं. आपण दूध सोडलं तेव्हा वेगळं रांधलं कुणी? पायताण सोडलं तेव्हा आपल्या भेगांना रात्री तेल कुणी चोळलं? नेम आपला, आणि तो निभावला येसूने! त्याला रागही आला आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम आल्यामुळे त्याला काही सुचेना. कावळा मात्र आलाच नाही.

त्याने चिडून दुताला विचारलं, की हे कावळे आहेत की भुतं? दूत म्हणाला, "कावळ्यांवर कशाला रागावतोस? ते तुझ्या मनाप्रमाणे वागतायत. तू सोडलंस की ते येतील."

"पण मी काही धरलेलंच नाही," अंतोबा म्हणाला. आणि ते खरंच आहे असं त्याला वाटत होतं. त्याने उभं राहून कावळ्यांना हाका मारल्या, हात हलवले, या बाबांनो, या, म्हणून विनवलं. कावळ्यांनी चोची पंखात खुपसल्या. आपल्याकडे म्हणतात ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत! चिता विझली होती, राख नदीला मिळाली होती, आणि पीळ जसाच्या तसा.

ऊन चढलं. गुरुजींनी वर बघितलं आणि दौलतला सांगितलं, की आता फार वेळ थांबता येणार नाही. दर्भाचा कावळा करू आणि पिंडाला लावू. शास्त्रात तशी सोय आहे. दौलतने मान हलवली. गुरुजी पिशवीतून दर्भ काढून गाठी मारू लागले. अंतोबाने दुताला घाईघाईने विचारलं, की गवताचा कावळा शिवला तर चालेल ना? दुताने मान हलवली. म्हणाला, की त्यांचं चालेल. ते आंघोळ करून घरी जातील. तू इथेच.

अंतोबाने खालच्या पायरीकडे बघितलं. तो विरलेला माणूस अजून पुटपुटत होता. सगळं आयुष्य वर चढण्यात घालवलं, आणि शेवटी घाटाच्या पायरीवर धुकं होऊन बसायचं? त्याला ओरडावंसं वाटलं, पण ऐकणार कोण?

इतक्यात गर्दीच्या मागे चुळबुळ झाली. सोमा पुढे येत होता. म्हातारा झाला होता, कमरेत वाकला होता. हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. लोकांनी त्याला अडवलं. एक जण तर चिडून म्हणाला, की अरे, जन्मभर ज्याने तुझ्या घरचं पाणी वर्ज्य केलं, त्याच्या पिंडापाशी तू तेच पाणी घेऊन येतोस? मेलेल्या माणसाचा नेम मोडतोस? सोमाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो वाकत वाकत पिंडापर्यंत गेला, तांब्या शेजारी ठेवला आणि धापा टाकत खाली बसला.

अंतोबाने त्याला पाहिलं आणि त्याच्या कपाळाची शीर उठली. आला! आता रडेल, पाय धरेल, चुकलो म्हणेल. उशिरा का होईना, चार माणसांत म्हणेल. अंतोबा कान टवकारून बसला. आणि तेव्हा त्याला कळलं, की आपण काही धरलं नव्हतं असं नाही. आपण इतकी वर्षं याचीच वाट बघत होतो. हे कळल्यावर तो स्वतःच दचकला.

पण सोमा रडला नाही. त्याने माफीही मागितली नाही. तो पिंडाकडे बघत म्हणाला, "दादा, मी तेव्हा हसलो. आजही आठवलं की हसू येतं. लहानपणी आई वाढायची ती वांगी तू हळूच माझ्या ताटात सरकवायचास, आणि तुला मार बसू नये म्हणून मी ती खायचो. मलाही आवडत नव्हती रे."

अंतोबाला हे ऐकून मुस्काटात बसल्यासारखं झालं. आधी संताप आला. मेल्यावरही हा हसतोच! उंबरावरचे सगळे कावळे एकदम उडाले आणि नदीपलीकडे निघाले. दुताने काठी उचलली. गुरुजींच्या हातात दर्भाची शेवटची गाठ होती.

आणि मग संतापाच्या मागून ते ताट आलं. ते स्वयंपाकघर आलं. आईची पाठ वळली की ताटातली फोड इकडून तिकडे. शेजारी बसलेला सोमा, नाक चिमटीत धरून, न चावता गिळणारा. एवढंसं पोर ते. त्याला आवडत नव्हती! ही गोष्ट अंतोबाला माहीतच नव्हती. आवडत नसताना गिळली, कुणाला सांगितलं नाही, कधी देवळात जाऊन घोषणा केली नाही. खरा त्याग तर तो होता, आणि तो आपल्यासाठी होता. आणि त्या पोराला आपण कशासाठी सोडलं? तर वांगं आवडत नसताना सोडलं, हे खरं बोलला म्हणून!

अंतोबाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. जिवंत होता तेव्हा तो असा कधी हसला नव्हता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसू कुठे संपलं, रडू कुठे लागलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो मोठ्याने म्हणाला, की सोमा, दे रे ते पाणी. सोमाला अर्थातच ते ऐकू गेलं नाही.

ऐकू गेलं ते कावळ्याला. नदीच्या मध्यापर्यंत गेलेला एक कावळा हवेतच वळला, सरळ घाटाकडे आला आणि पायरीवर उतरला. कावळा पिंडाकडे गेला नाही. टुणकन उडी मारून तो तांब्याच्या काठावर बसला, चोच आत घातली आणि मान वर करून पाणी प्याला. पुन्हा प्याला. जन्मभर वर्ज्य केलेलं पाणी! देवळातल्या त्या चार माणसांनी तोंडात बोटं घातली. मघाशी सोमाला अडवणारा तर मटकन खालीच बसला. भरपूर पाणी पिऊन झाल्यावर कावळ्याने पिंडाला चोच लावली, भाताचा घास उचलला आणि उडून गेला. गुरुजींच्या हातातला दर्भ गळून पडला.

सोमा जागचा हलला नाही. त्याने तांब्यात उरलेलं पाणी पाहिलं, तांब्या उचलून ते स्वतः प्याला, आणि मग ढसाढसा रडला. येसूने जाऊन त्याला आधार दिला.

इकडे दूत उठला आणि चल म्हणाला. दोघं नदी ओलांडून पलीकडच्या वाटेला लागले. अंतोबाला एकदम हलकं वाटत होतं. थोडं चालून झाल्यावर त्याने विचारलं, "आता वैकुंठ किती लांब?"

"वैकुंठ?" दूत म्हणाला. "अरे, आज तुझी पहिली पायरी झाली."

अंतोबाचे पाय जागच्या जागी थबकले. पहिली? मग ती वांगी, तो गूळ, ते दूध, ती गादी, इतक्या वर्षांची चढण? दुताने त्याला घाण्याच्या बैलाचं उदाहरण दिलं. बैल सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो, थकतो, घामाने भिजतो. कुणी म्हणेल का, तो चालला नाही? पण संध्याकाळी झापडं काढली की तो जिथल्या तिथेच असतो.

वाटेवर माणसं होती. पुढे, मागे, जिकडे बघावं तिकडे. कुणी बसलं नव्हतं. अंतोबाची कल्पना अशी, की मेल्यावर सुटका असते, विसावा असतो. इथे तर सगळे कामालाच लागलेले. एक जण दुसऱ्याचं बोलणं मधे न तोडता ऐकायला शिकत होता, आणि त्याला ते फार जड जात होतं. एक जण कुणाचं तरी चांगलं झालेलं बघून आनंदी व्हायला शिकत होता. जमलं नाही, की तो खाली बघायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. अंतोबाने विचारलं, की ही वाट कुठवर जाते? दुताने खांदे उडवले. म्हणाला, की मला तरी कुठे माहीत? मीही चालतोच आहे.

"तू? तू तर दूत आहेस!"

"आधी तुझ्यासारखाच माणूस होतो. हात फार चालायचा माझा. कुणी वेळ लावला की ढकलायचो. म्हणून हे काम दिलंय, तुझ्यासारख्यांना न ढकलता न्यायचं." दूत जरा हसला. "तू कावळ्यांवर ओरडत होतास, तेव्हा मी काठी किती घट्ट धरली होती, विचारू नकोस."

अंतोबा या दाढीवाल्याकडे पहिल्यांदाच नीट बघू लागला. एवढे दिवस शेजारी बसून त्याने त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आता विचारलं. दूत म्हणाला, "कोंडाजी." बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नसावं, अशा आवाजात म्हणाला.

मुक्काम झाला, सकाळ झाली. हो, तिकडेही सकाळ होते. कोंडाजीने विचारलं, की आज काय? अंतोबाला रात्रभर येसू आठवत होती. तिने सांभाळलेली ती वेगळी चूल, सणासुदीला सुनं राहिलेलं तिचं माहेर. तो म्हणाला, की मला एकदा परत जाऊ दे. येसूपुढे हात जोडतो, चुकलो म्हणतो, आणि लगेच येतो. एका शब्दाचं तर काम आहे.

"एका शब्दाचंच होतं," कोंडाजी म्हणाला. "तिकडे होतास तेव्हा. आता तिला तुझा शब्द ऐकू जात नाही. आता ज्याला दुसऱ्याचे कष्ट दिसतात, असा माणूस तुला स्वतः व्हावं लागेल. त्याला वेळ लागतो."

"किती?"

कोंडाजीने काठीने पुढची वाट दाखवली. घोंगडीवर बसून, पानात वाढलेलं खाता खाता, येसूला सहज म्हणता आलं असतं, की पोरी, दमलीस, या दिवाळीला माहेरी जाऊन ये. असे किती दिवस हातातून गेले! त्या एका वाक्यासाठी आता ही एवढी वाट. त्याने वाटेकडे बघितलं. टोक दिसत नव्हतं.

पुढे एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन चालत होती. मान वाकली होती, पण कुणाला हाक मारत नव्हती. अंतोबाने तिला बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. मग तो उठला आणि झपझप चालू लागला. कोंडाजीने मागून विचारलं, की अरे, आज कसला नेम धरलास ते तरी सांग. अंतोबाने मागे वळून पाहिलं नाही, आणि सांगितलंही नाही. म्हाताऱ्या बाईचं गाठोडं त्याने आपल्या डोक्यावर घेतलं, आणि दोघं पुढे निघाले.

तात्पर्य: काय सोडलं याची दवंडी पिटून माणूस वर चढत नाही. रोज मनातली एक अढी सोडली आणि शेजारच्या माणसाचे कष्ट पाहिले, तरच चढतो. हे काम मरणानेही चुकत नाही, पण इथे जे एका शब्दात होतं, त्यासाठी तिकडे फार मोठी वाट चालावी लागते. म्हणून तो शब्द आजच बोलावा.